अर्ज भरताना ओटीपी बघायला गेलो आणि परत आलो तर पान कोरं : ॲप आपोआप लक्षात का ठेवत नाहीत?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

गेल्या रविवारी वडील मोबाईलवर एक अर्ज भरत बसले होते. गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, बँकेचा खाते क्रमांक, आयएफएससी, वारसाचं नाव आणि नातं. वय एकाहत्तर, टायपिंग एका बोटाने, दर ओळीला चष्मा खालीवर. पाऊण तास गेला. शेवटी ॲपने ओटीपी मागितला. तो मेसेजमध्ये आला म्हणून वडील मेसेज उघडायला गेले, सहा आकडे तोंडाने म्हणत परत आले, तर पहिलं पान. 'आपले पूर्ण नाव लिहा.'

त्यातली खोच अशी की चौकोनी बटणावर, म्हणजे उघड्या ॲपच्या यादीत, छोट्या चित्रात अर्ज भरलेलाच दिसत होता. बोट लावलं की कोरा. वडिलांनी तीनदा लावून पाहिलं. मग मला विचारलं, "माझं काही चुकलं का रे?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. फोन ३ जीबी रॅमचा. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेली ॲप मारून टाकतं, आणि हे पहिल्यापासून असंच आहे, बिघाड नाही. ॲप मागे जाताना अँड्रॉइड त्याला एक संधी देतं: 'ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेट' नावाचं फंक्शन बोलावतं आणि हातात एक रिकामं गाठोडं देतं. त्याचं नावच बंडल आहे. ॲपने त्यात जे बांधलं ते माणूस परत आला की जसंच्या तसं परत मिळतं. काहीच बांधलं नाही तर ॲप हात हलवत येतं. वडिलांचं ॲप हात हलवत आलं.

माझा मुद्दा साधा आहे. प्रोग्रामरने काहीच केलं नाही तर ॲप विसरतं, लक्षात ठेवायला वेगळा कोड लिहावा लागतो. म्हणजे आळशी, घाईतला आणि नवशिका, तिघांच्या हातून सारखंच घडतं: लोकांचं लिहिलेलं जातं. हे उलटं का नको? काहीच केलं नाही तर ॲपने लक्षात ठेवावं, आणि विसरायचं असेल तर तेवढी ओळ प्रोग्रामरने लिहावी.

मी स्वतः कोल्हापूर भागातल्या दूध संस्थांसाठी संकलनाचं छोटं ॲप चालवतो, त्यामुळे हा राग अगदी बाहेरच्याचा नाही. जाणकारांची मतं ऐकायची आहेत.

---

टिंबटिंब

हिंजवडीत अकरा वर्षं हेच करतोय, म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो.

आमच्याकडे ज्या फोनवर टेस्टिंग होतं त्याला १२ जीबी रॅम असते. त्यावर ॲप मारलंच जात नाही, मग बग दिसणार कुठून? काका ज्या फोनवर अर्ज भरतात तो फोन आमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही.

दुसरं, फोन आडवा केला की अँड्रॉइड स्क्रीन मोडून नव्याने बांधतं. पूर्वी फोन नुसता फिरवला तरी ॲपने जमवलेली माहिती जायची, म्हणून २०१७ मध्ये गूगलने व्ह्यूमॉडेल, म्हणजे स्क्रीनची माहिती स्क्रीनबाहेर सांभाळणारा कप्पा, आणलं. ते फिरवण्यातून वाचतं, पण अख्खं ॲप मारलं गेलं की तेही जातं. बहुतेक नव्या मुलांना वाटतं व्ह्यूमॉडेल घातलं म्हणजे झालं. मुलाखतीत मी हा प्रश्न विचारतो आणि समोरचा चेहरा बघतो.

आणि गंमत ऐका. स्क्रीन बांधायचं गूगलचं नवं साधन, जेटपॅक कंपोझ, आहे ना, त्यात 'रिमेंबर' नावाचं फंक्शन आहे. रिमेंबर! फोन आडवा केला की ते विसरतं. खरोखर लक्षात ठेवायचं तर 'रिमेंबरसेव्हेबल' लिहायचं. आखूड शब्द विसरणारा, लांबलचक शब्द आठवणारा. माणूस कोणता टाइप करणार?

याउलट जुन्या पद्धतीत लिहायच्या खोक्याला, एडिटटेक्स्टला, नुसता आयडी दिलेला असला तरी तो आपला मजकूर स्वतःहून गाठोड्यात टाकायचा. म्हणजे दादा, तुम्ही मागताय ते थोडंफार होतं, नव्याच्या नादात मागे पडलं. आता कंपोझमध्येही 'रिमेंबरटेक्स्टफील्डस्टेट' आलंय, ते मुळातच सेव्ह करतं. एक पाऊल मागे, अर्धं पुढे. फ्लटर या ॲप बनवायच्या दुसऱ्या साधनात सोय आहे, पण रिस्टोरेशनचा आयडी आपण दिला नाही तर ती बंदच असते.

---

मुलुंडचा_म्हातारा

आम्ही एएस/४०० वर, म्हणजे आयबीएमच्या ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर, आयुष्य काढलं. त्यात सिंगल लेव्हल स्टोअर होतं. मेमरी वेगळी आणि डिस्क वेगळी हा भेद प्रोग्रामला दिसतच नसे, सगळ्याला एकच पत्ता. कुठलं पान सध्या रॅममध्ये ठेवायचं आणि कुठलं डिस्कवर ते मशीन बघणार. १९८८ चं यंत्र, आणि मूळ कल्पना त्याच्याही आधीच्या सिस्टिम/३८ मधली. तुम्ही मागताय ते आयबीएमने तेव्हाच विकलेलं आहे.

तरी खरं सांगायचं तर हिरव्या स्क्रीनवर अर्धवट भरलेला फॉर्म लाईन तुटली की जायचाच. एंटर दाबेपर्यंत ते अक्षर टर्मिनलचं, यंत्राचं नाही. तेव्हा भांडण जुनंच आहे: माणसाने लिहिलं कधी म्हणायचं? बोट लावलं तेव्हा की बटण दाबलं तेव्हा?

---

गोधडी

काका, शेवटचा प्रश्न लाखमोलाचा.

या प्रश्नावर पूर्ण वेड्यासारखं काम केलेले लोक होऊन गेलेत. की-कॉस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती, ती दर काही मिनिटांनी अख्ख्या यंत्राचा फोटो काढून डिस्कवर ठेवायची. एखाद्या फाईलचा नाही, चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामचा. १९९० मध्ये एका प्रदर्शनात त्या लोकांनी भर मांडवात यंत्राचा प्लग उपटून दाखवला. वीज आल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात सगळं होतं तिथून पुढे सुरू. आपल्याकडे दिवसातून चारदा लाईट जाणाऱ्या गावात ही सिस्टिम यायला हवी होती.

झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेतून आलेल्या स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेचंही तसंच. सगळी दुनिया एका इमेज फाईलमध्ये: उघड्या खिडक्या, अर्धवट टाइप केलेलं वाक्य, चालू प्रोसेस. स्नॅपशॉट घ्या, बंद करा, महिन्याने उघडा, कर्सर तिथेच.

मी फॅरो, म्हणजे स्मॉलटॉकचाच आजचा अवतार, काही वर्षं वापरलं. सुरुवातीला स्वर्ग. मग ती इमेज माळ्यासारखी होते. कधीतरी लागेल म्हणून ठेवलेले ऑब्जेक्ट, तीन वर्षांपूर्वी उघडलेली खिडकी, कुठल्यातरी प्रयोगातली उरलेली प्रोसेस. आईच्या माळ्यावर श्रीखंडाचे डबे असतात ना, एकात एक घातलेले, झाकणं वेगळीच, अगदी तसं. काय टाकलं तर काय पडेल कळत नाही. शेवटी कोड बाहेर काढून कोऱ्या इमेजमध्ये भरायचा आणि जुनी फेकायची. सगळं लक्षात ठेवणारं यंत्र रोज थोडं थोडं घाण होत जातं आणि कुठे झालं ते दिसत नाही. ज्युपिटर नोटबुकवाल्यांना विचारा, जे कोड तुकड्या-तुकड्यांनी (सेल) चालवतात: सेल खोडला तरी त्यातलं व्हेरिएबल मागे चालू असलेल्या कर्नलमध्ये जिवंत, तुमच्याकडे चालतं, दुसऱ्याकडे दिलं की आपटतं.

म्हणून विसरणं हा नुसता आळस नाही. 'बंद करून चालू करा' हा उपाय चालतो तो यंत्र विसरतं म्हणूनच.

---

सेतूवाला

मी तालुक्याला सेवा केंद्र चालवतो. दिवसाला तीस-चाळीस अर्ज एकाच कॉम्प्युटरवर. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन क्रिमीलेयर, निकालानंतर तर रांग रस्त्यापर्यंत.

धागाकर्त्यांनी मागितलं तसं झालं तर माझं दुकान बंद होईल. आधीच्या माणसाचं नाव-पत्ता पुढच्याच्या अर्जात आलं तर? नावाच्या खोक्यात पहिलं अक्षर टाकलं की ब्राउझर सकाळपासूनच्या सगळ्या पाटलांची यादी दाखवतो. समोर बसलेली बाई ती यादी वाचते. एकदा एकाचा मोबाईल नंबर दुसऱ्याच्या अर्जात गेला, ओटीपी भलत्याच गावात वाजला. तेव्हापासून मी प्रत्येक अर्ज प्रायव्हेट खिडकीत उघडतो आणि संपला की बंद करतो.

पण हेही खरं की अर्ज चालू असताना वीस मिनिटांनी सेशन संपतं, शेतकरी झेरॉक्स आणायला गेलेला असतो, आणि मला सगळं परत भरावं लागतं. म्हणजे मला विसरणारा कॉम्प्युटर पाहिजे, पण दोन माणसांच्या मध्ये विसरणारा. एका माणसाच्या मध्येच नको.

---

पंचगंगाकाठ

सेतूवाले, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांनी माझा धागा सुधारला. मी 'फोनने लक्षात ठेवावं' म्हणत होतो. लक्षात ठेवायचं ते फोनने नाही, अर्जाने. तुमच्याकडे कागदाच्या जमान्यात एकेका माणसाची वेगळी फाईल असायची, दोरीने बांधलेली. टेबल एकच, फायली चाळीस. फाईल बंद झाली की टेबलावर काही उरत नाही, आणि उघडली की पान तेच.

गोधडी, माळ्याचं मान्य. पण वडिलांचं लिहिलेलं आणि तुमच्या इमेजमधली उरलेली प्रोसेस या एका तोलाच्या गोष्टी नाहीत. माणसाने बोटाने लिहिलेलं ते त्याचं. यंत्राने स्वतःच्या सोयीसाठी तयार केलेलं ते यंत्राने खुशाल विसरावं.

---

अर्धविराम

मी प्रोग्रामर नाही, भाषांतरं करते. माझा अनुभव उलट्या बाजूचा. एका नोट्सच्या ॲपमध्ये अख्खं प्रकरण लिहिलेलं होतं. भाच्याने फोन घेतला, सगळं सिलेक्ट झालं, त्यावर 'ककककक' आलं. ॲप इतकं तत्पर की ते 'ककककक' लगेच सेव्ह केलं. मी उघडेपर्यंत मागे जायचा बाणही विझलेला. पूर्वीसारखं 'बदल जतन करायचे का?' विचारलं असतं तर 'नाही' म्हणाले असते आणि प्रकरण वाचलं असतं.

आपोआप सेव्ह म्हणजे चूकही आपोआप सेव्ह. ज्याला हे करायचं त्याने जुन्या आवृत्त्याही ठेवायला हव्यात, नाहीतर करूच नये.

---

टिंबटिंब

ताई, अगदी बरोबर, आणि याचं मोठं उदाहरण आहे. ॲपलने जुलै २०११ मध्ये मॅकसाठी लायन आणलं. त्यात रिझ्यूम (होतं तिथून पुढे), ऑटो सेव्ह आणि व्हर्जन्स (जुन्या आवृत्त्या) एकत्रच आणले, कारण पहिल्या दोघांना तिसऱ्याशिवाय अर्थ नाही. ॲप बंद करून उघडलं की त्याच खिडक्या, तीच कागदपत्रं. लोकांनी कौतुक केलं तशा शिव्याही घातल्या. आपण 'बंद कर' म्हटलं म्हणजे बंद कर, उद्या सकाळी चारचौघांत तेच पान का उघडतंस? पुढच्याच वर्षी माउंटन लायनमध्ये ॲप बंद करताना खिडक्याही बंद करायची टिकखूण आली, आणि ती मुळातच लावलेली.

आयफोनवर एक बारकी पण शहाणी गोष्ट आहे. ॲप परत उभं करताना जुनी स्थिती भरली आणि त्यातच ते कोसळलं, तर आयओएस ती साठवलेली स्थिती फेकून देतं. नाहीतर काय होईल बघा: बिघडलेली स्थिती आठवायची, कोसळायचं, पुन्हा उघडायचं, पुन्हा तीच आठवायची. फायरफॉक्समध्ये २००६ पासून, दोन नंबरच्या आवृत्तीपासून, सेशन परत आणायची सोय आहे. तोही वारंवार कोसळला की आपल्या मनाने टॅब उघडत नाही, यादी दाखवून यातलं काय हवं ते विचारतो. आपोआप आठवणाऱ्याला कधी थांबायचं हेही कळावं लागतं.

शिवाय अपडेटचा घोळ. मार्चमध्ये अर्जात एकच 'पत्ता' खोका होता, एप्रिलमध्ये आम्ही त्याचे गाव, तालुका, जिल्हा असे तीन केले. मार्चचं अर्धवट गाठोडं एप्रिलच्या ॲपने उघडलं तर ते कुठे ओतायचं? विसरणाऱ्या ॲपला हा प्रश्नच पडत नाही. मॅनेजर विचारतो, या कामाचे किती दिवस? मी म्हणतो आठ. तो म्हणतो, मग नको.

---

चकवा

आठ दिवस वाचवायचे म्हणून लाखो लोकांचा पाऊण पाऊण तास. चालू द्या.

---

गोधडी

टिंबटिंब, गाठोड्याला मर्यादाही आहे ना? धाग्यात यायला हवी, नाहीतर कोणीतरी उत्साहात त्यात फोटो कोंबेल.

---

टिंबटिंब

हो. ते गाठोडं बाइंडर नावाच्या वाटेने सिस्टिमकडे जातं आणि त्या वाटेची रुंदी सगळी मिळून १ एमबी, तीही ॲपच्या बाकीच्या चालू व्यवहारांबरोबर वाटून घ्यायची. अँड्रॉइड ७ पासून त्यापेक्षा मोठं भरलं तर ॲप सरळ कोसळतं. म्हणजे लक्षात ठेवायला गेलो आणि त्यापायीच मेलो.

आणि वापरणाऱ्याने यादीतून ॲप वर सरकवून उडवलं किंवा फोन रीस्टार्ट केला तर गाठोडंही जातं. ते फक्त सिस्टिमने आपणहून मारलं त्या वेळेसाठी. म्हणून खरं लिखाण डेटाबेसमध्ये ठेवायचं आणि गाठोड्यात फक्त चिठ्ठी: 'अमुक क्रमांकाची नोंद उघडी होती.'

ज्यांना आपलं ॲप तपासायचं आहे त्यांच्यासाठी: सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. तिथे 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू करा. आता स्क्रीन सोडली की लगेच मोडते. यात व्ह्यूमॉडेलही जातं, त्यामुळे चोरी पकडली जाते. दहा मिनिटं आपलंच ॲप असं वापरून बघा.

---

शाळामास्तर

वेबवाल्यांसाठी दोन ओळी, कारण सरकारी अर्ज बहुतेक वेबवरच. ब्राउझरमध्ये लोकलस्टोरेज आहे, साधारण ५ एमबी जागा, खोक्यातला मजकूर दर काही सेकंदांनी तिथे टाकायला दहा ओळी पुरतात. पण 'पान बंद होताना सेव्ह करू' असं म्हणू नका. मोबाईलवर पान बंद होण्याची सूचना येईलच याचा भरवसा नाही. पान झाकलं गेलं त्या क्षणी, म्हणजे व्हिजिबिलिटीचेंजला, सेव्ह करायचं. आणि ती जागा कायमची समजू नका. २०२० पासून सफारी, ज्या साइटला माणसाने ब्राउझर वापरूनही सात दिवस हात लावला नाही, तिथला असा साठा पुसतं.

सेतूवाल्यांसारख्यांसाठी सेशनस्टोरेज बरं: टॅब बंद केला की गेलं.

---

सेतूवाला

सर, टॅब बंद करायचं मी विसरलो तर?

---

शाळामास्तर

मग अर्जावर वरच्या बाजूला ठळक नाव पाहिजे: 'हा अर्ज अमुक यांचा, अर्धवट आहे. पुढे चालू / नवा अर्ज.' खालच्या पाटलांच्या यादीपेक्षा बरं.

---

पंचगंगाकाठ

चार दिवस गायब होतो. टिंबटिंब यांनी सांगितलेल्या सात टिचक्या मी माझ्याच ॲपसाठी मारल्या. जे सापडलं ते सांगायला जरा जड जातंय.

आमच्या नोंदीच्या स्क्रीनवर सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) असे खोके आहेत आणि वर पाळी: सकाळ की संध्याकाळ. खोके जुन्या पद्धतीचे, आयडी दिलेले, त्यामुळे स्क्रीन मोडून परत आली तरी त्यातले आकडे जागेवर. मी खूश. मग वर नजर गेली. पाळी मी एका साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवली होती आणि त्याची सुरुवातीची किंमत 'सकाळ'.

म्हणजे संध्याकाळी साडेसहाला संकलन चालू, क्लार्कने आकडे भरले, मध्येच फोन आला, बोलून परत आला. आकडे तसेच. पाळी सकाळ. त्याने 'नोंद करा' दाबलं. त्या माणसाचं संध्याकाळचं दूध सकाळच्या पाळीत.

माझं ॲप विसरत नव्हतं, ते अर्धं आठवत होतं. सगळं पुसलं गेलं असतं तर क्लार्क चिडला असता, पण पुन्हा बरोबर भरलं असतं. अर्धं आठवल्यामुळे कोणाला शंकाच आली नाही. मी धाग्यात 'आपोआप' मागितलं तेव्हा हे डोक्यातच नव्हतं: आठवायचं तर एका स्क्रीनवरचं सगळं एकदम, नाहीतर काहीच नाही.

आता बदललंय. अक्षर टाकलं की एसक्यूलाइट या फोनमधल्या छोट्या डेटाबेसमध्ये 'कच्ची नोंद' लिहिली जाते, त्यात पाळी आणि तारीखही. गाठोड्यात फक्त तिचा क्रमांक. पाळी उलटून गेल्यावर कच्ची नोंद सापडली तर ॲप मनाने पुढे जात नाही, 'काल संध्याकाळची, सभासद ११४, अर्धवट' असं दाखवून विचारतं. पक्की झाली की कच्ची पुसायची. अर्धविरामताई, बदललेल्या नोंदीचे आधीचे आकडेही आता राहतात.

आणि हो, वडिलांचा अर्ज मी लॅपटॉपवर भरून दिला. ते शेजारी बसून वहीतून आकडे सांगत होते. त्या रविवारनंतर त्यांनी सगळं वहीत उतरवून ठेवलंय.

---

टिंबटिंब

प्रामाणिकपणाला दाद. हा पाळीचा बग किती दिवस होता?

---

पंचगंगाकाठ

दोन वर्षं. एका संस्थेच्या सचिवांनी मागच्या दिवाळीत विचारलंही होतं, काही जणांचं दूध एका वेळेला दुप्पट आणि दुसऱ्या वेळेला शून्य कसं पडतंय म्हणून. मी म्हणालो होतो, तुमच्या पोराला नीट भरायला सांगा.

---

मुलुंडचा_म्हातारा

आणि त्या पोराला सांगितलंत का?

---

पंचगंगाकाठ

उद्या जातोय, काका. साडेपाचला संकलन सुरू होतं, त्याआधी पोचायचं आहे.